एक दशांश मिलिमीटरचा कागद



माझ्या हातात हा जो कॅमेरा आहे, तो झोर्की-४. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बनलेला. मागच्या बाजूला नंबर कोरलेला आहे, त्याचे पहिले दोन आकडे ६८. या कारखान्याच्या त्या काळातल्या कॅमेऱ्यांवर पहिले दोन आकडे म्हणजे बनावटीचं साल. म्हणजे हा १९६८ चा. माझ्या वडिलांनी तो चांदणी चौकात सेकंडहँड घेतला. तेव्हा आम्ही रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो.

आज मी या कॅमेऱ्याची गोष्ट सांगणार आहे, आणि तो मी कसा बिघडवला तेही सांगणार आहे. मी २६ वर्षं फरीदाबादच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. मायक्रोमीटर हातात घेऊन लोकांचा माल नापास करणं हेच माझं काम होतं. म्हणून ही चूक माझ्याकडून व्हायला नको होती.

आधी रेंजफाइंडर म्हणजे काय ते थोडक्यात. मोबाइलमध्ये किंवा एसएलआरमध्ये तुम्ही जे बघता ते लेन्समधून आलेलं असतं. रेंजफाइंडरमध्ये तुमची नजर लेन्समधून जातच नाही. वरच्या बाजूला वेगळी खिडकी असते, तिच्यात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवत जायचं, दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला असं समजायचं. आत एक छोटा दांडा लेन्सच्या पाठीला टेकलेला असतो. लेन्स पुढेमागे झाली की दांडा हलतो, दांड्यामुळे प्रतिमा हलते. थोडक्यात, खिडकी तुम्हाला फक्त निरोप देते. फिल्मवर काय पडलं ते तिला दिसत नाही.

आता मापांकडे येऊ. लायकाच्या स्क्रू-माउंटमध्ये लेन्स जिथे टेकते ती कडा आणि फिल्म यांच्यातलं अंतर २८.८ मिलिमीटर. झोर्कीनेही हेच माप घेतलं. पण कागदावर २८.८ लिहिणं सोपं, हजारो कॅमेऱ्यांत ते आणणं अवघड. ओतलेली बॉडी कधी थोडी जाड येते, कधी पातळ. मग कारखाने काय करायचे? लेन्सच्या कड्याखाली पातळ चकत्या घालून फरक भरून काढायचे. आमच्या वर्कशॉपमध्ये यालाच शिम म्हणतात. कुठे पितळेची, कुठे चक्क कागदाची. एका बॉडीला एक लागते, दुसरीला दोन, तिसरीला वेगळ्या जाडीची.

लायकाचा इतिहास बघा. १९३० मध्ये लेन्स बदलता येणारा पहिला लायका आला, तेव्हा हे माप अजून पक्कं ठरलेलं नव्हतं. प्रत्येक लेन्स त्या-त्या बॉडीला जुळवून दिली जायची आणि लेन्सवर बॉडीच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे कोरले जायचे. माझी लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर चढायची, पण फोकस होईलच असं नाही. १९३१ मध्ये माप एकसारखं झालं, आणि अशा कॅमेऱ्यांच्या कड्यावर शून्याची खूण आली. ते छोटं शून्य म्हणजे एक वचन होतं: आता कुठलीही लेन्स लावा.

खार्किव्हमध्ये १९३४ पासून फेड हा कॅमेरा बनू लागला, तोही लायकाच्या नमुन्यावर. बनवणारी होती अनाथ आणि बेघर मुलांच्या वसाहतीतली मुलं. त्या सुरुवातीच्या फेडमध्येही लेन्स आणि बॉडी जोडीनंच जुळवलेल्या असत. जोडी फुटली की दोघंही निरुपयोगी. १९४८ मध्ये क्रास्नोगोर्स्कनं याच घराण्यातला झोर्की सुरू केला.

आता माझी चूक.

वडील गेले, कॅमेरा कपाटात राहिला. निवृत्तीनंतर मी तो बाहेर काढला. लेन्सच्या कड्याजवळ बुरशी आणि वाळलेलं ग्रीस. चार स्क्रू काढले, कडं उचललं. खाली तपकिरी पडलेल्या कागदाची एक पातळ चकती चिकटलेली होती. मला वाटलं, कोणा मेकॅनिकनं जुगाड केलंय. खरवडून काढली, स्पिरिटनं पुसलं, कडं परत बसवलं. सगळं चकाचक.

मग खिडकीतून बघितलं. लेन्स अनंताच्या खुणेवर आणि समोरच्या टॉवरच्या दोन प्रतिमा जुळत नव्हत्या. मी म्हटलं, रेंजफाइंडर हललाय. पुढच्या बाजूला त्यासाठी छोटा स्क्रू असतो. तो फिरवला, प्रतिमा जुळल्या. काम फत्ते.

खरं काय झालं होतं ते नीट ऐका. चकती गेल्यामुळे लेन्स फिल्मच्या जवळ सरकली होती. पण दांडा लेन्सच्याच पाठीला टेकलेला असल्यामुळे तोही तेवढाच मागे गेला होता. म्हणजे कॅमेरा अजूनही खरं बोलत होता. मी काहीही न करता नुसत्या प्रतिमा जुळवून फोटो काढले असते, तरी ते बरोबर आले असते. फक्त लेन्सवरच्या खुणा चुकल्या असत्या. मी स्क्रू फिरवला आणि त्याला खोटं बोलायला शिकवलं.

त्यानंतरच्या महिन्यात आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. नोएडातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पूजा, नातवंडं, पुण्याहून आलेली मावशी. मी ठरवलं, बाबांच्या कॅमेऱ्यानंच फोटो काढायचे. खोलीत उजेड कमी, म्हणून लेन्स पूर्ण उघडी, एफ-२ वर. ३६ फोटो. प्रत्येक वेळी आईच्या डोळ्यांवर प्रतिमा जुळवली.

रोल धुऊन आला. आईच्या कानातल्या कुड्या लखलखीत. मोती मोजून घ्या. आणि डोळे धूसर. एकाही जवळच्या फोटोत डोळे स्वच्छ नाहीत. आई फोटो बघून एवढंच म्हणाली, "अरे, ह्यांनी काढलेले असे यायचे नाहीत." सहस्रचंद्रदर्शन पुन्हा होत नाही.

कॅमेरा घेऊन मी कूचा चौधरीत गेलो. दिल्लीकरांना माहीत आहे, चांदणी चौकातली कॅमेऱ्यांची गल्ली. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं कडं काढलं, आत बघितलं आणि विचारलं, "काग़ज़ कहाँ गया?"

मी घरी येऊन गणित मांडलं. समजा, चकती एक दशांश मिलिमीटरची. ५० मिलिमीटरची लेन्स दीड मीटरवर लावली, तर ती अनंतापासून सुमारे १.७२ मिलिमीटर पुढे येते. त्यातून ०.१ कमी करा. आता फोकस दीड मीटरवर नाही, जवळपास १.५९ मीटरवर. नऊ सेंटिमीटर मागे. एफ-२ वर त्या अंतराला पुढेमागे मिळून दहा-अकरा सेंटिमीटरच स्वच्छ येतात, म्हणजे मागच्या बाजूला पाच-साडेपाच. डोळ्यापासून कान साधारण किती मागे असतो ते स्वतःच्या चेहऱ्यावर बोटांनी मोजून बघा. माझे ३६ फोटो अगदी गणिताप्रमाणे आले होते.

दुरुस्ती अशी केली. झोर्की-४ ची पाठ पूर्ण निघते. फिल्म जिथून सरकते त्या पट्ट्यांवर घासलेल्या काचेचा तुकडा ठेवला, शटर बी वर उघडं धरलं, आणि काचेवरची प्रतिमा भिंगातून बघितली. यासाठी दूरची खूण लागते. नोव्हेंबरातली दिल्ली! समोरचा टॉवरच दिसेना, तर दूरचं काय दिसणार. शेवटी रात्री गच्चीवर गेलो, लांबच्या उंच इमारतीवरचा विमानांसाठीचा लाल दिवा धरला. पितळेच्या शिम एकेक घालून बघितल्या. ०.१ वर दिवा टाचणीच्या टोकाएवढा झाला. त्यानंतर रेंजफाइंडरचा स्क्रू पुन्हा जुळवला. हा क्रम लक्षात ठेवा: आधी फिल्म, मग खिडकी. मी नेमकं उलटं केलं होतं.

जुने कॅमेरे घेणाऱ्या तरुण मित्रांसाठी आणखी थोडं. एकाच नावाचे दोन कॅमेरे एकसारखे नसतात. लायका एम-३ घ्या. १९५४ चा असेल तर फिल्म पुढे न्यायला लीव्हर दोनदा ओढावी लागते, आणि आतली दाबपट्टी काचेची. पुढे लीव्हर एकदाच ओढायची झाली, पट्टी धातूची झाली, शटरचे आकडेही बदलले. झोर्कीवर कुठे नाव रशियन लिपीत, कुठे निर्यातीसाठी रोमन लिपीत. कॅनोनेट क्यूएल-१७ जी-थ्री जपानमध्येही बनला, तैवानमध्येही. यात एक खरा आणि बाकीचे सदोष असं काही नसतं. गुरुग्रामला २०१९ पासून म्युझिओ कॅमेरा हे संग्रहालय आहे. तिथे काचेसमोर उभं राहून असे फरक शोधायला अर्धा दिवस कमी पडतो.

काही फरक मात्र फसवणूक ओळखायला लागतात. कोणी सोनेरी मुलाम्याचा, जर्मन सैन्याची चिन्हं कोरलेला "युद्धकाळातला लायका" दाखवला, तर लेन्स काढा आणि आतल्या त्या दांड्याचं टोक बघा. लायकात तिथे गोल चाक असतं. जुन्या फेड-झोर्कीत निमुळता, तिकोनी तुकडा असतो. वरचं नाव कोणीही कोरतो, आतलं टोक सहसा कोणी बदलत नाही.

आणि झोर्की हातात आलाच, तर आधी शटर चढवा, मगच त्याचा वेग बदला. उलट केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

कारखान्यात मी माप चुकलं की माल बाजूला काढायचो. १९६८ मध्ये क्रास्नोगोर्स्कच्या कुठल्याशा बाकावर माझ्यासारखाच एक माणूस बसला असेल. त्यानं चुकलेली बॉडी फेकली नाही. मोजली, कागदाची एक चकती घातली, आणि पुढे पाठवली. त्या कागदामुळे माझ्या वडिलांनी काढलेले आमचे सगळे फोटो स्वच्छ आले. मी मात्र तो कचरा समजलो. तेव्हा जुनं काहीही उघडाल, कॅमेरा असो, घड्याळ असो की शिलाई मशीन, आत निघालेली प्रत्येक चकती आधी मोजा, क्रमानं मांडा, फोटो काढा. ती तिथे का आहे हे कळेपर्यंत फेकू नका.

आईचे नवीन फोटो काढलेत. साध्या दिवशी, बाल्कनीत, घरच्या साडीत. डोळे स्वच्छ आलेत. तिनं एक निवडून फ्रेम करायला दिला. आणि कॅमेऱ्याच्या केसमध्ये मी एक चिठ्ठी ठेवली आहे: "कड्याखाली ०.१ मिमी पितळी शिम आहे. काढू नये."