दुखण्याची गोळी सोडताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आनंदाच्या दिवशी चार उपयोगाच्या गोष्टीही व्हाव्यात, असे चिटणीसबाईंनी सुचवले. म्हणून मी अफूच्या गोळ्यांविषयी बोलणार आहे. दचकू नका! पूर्वी मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत. ती गोळी गेली, पण तिच्या कुळातली औषधे आजही आपल्या घरांत आहेत. मॉर्फिन व कोडीन अफूतून मिळतात. ट्रॅमाडॉल कारखान्यात बनते, पण शरीरावर बरेचसे तसेच काम करते. कॅन्सरच्या असह्य वेदनेत मॉर्फिन हा मोठा आधार आहे. तो कोणी भीतीपोटी काढून घेऊ नये.

मी परिचारिका असताना पाहिलेली गोष्ट सांगते. विडी वळणाऱ्या एका मावशींचे पाठीचे ऑपरेशन झाले. पुढे दीड वर्ष त्या ट्रॅमाडॉल घेत होत्या. "ही तर अफूच!" असे कोणी सांगताच मुलाने सगळ्या गोळ्या फेकून दिल्या. दुसऱ्या दिवसापासून मावशींना जांभया, घाम, अंगावर काटा, पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले. रात्री डोळ्याला डोळा लागेना. शेजारणी म्हणाल्या, "चटक लागली बाईंना." त्या लाजेने गप्प बसल्या.

भगिनींनो, ही चटक नव्हे. रोजच्या औषधाची शरीराला सवय होते. ते अचानक तुटले की शरीर असेच बंड करते. ट्रॅमाडॉल एकाएकी थांबवल्यास क्वचित झटकेही येतात. मावशींना डॉक्टरांकडे नेले. त्यांनी न रागावता गोळी पुन्हा बेताने सुरू केली आणि थोडी थोडी उतरवली. त्रास वाढला की त्याच पायरीवर थांबत. जवळजवळ वर्षाने शेवटची गोळी सुटली आणि मावशी पुन्हा सूप मांडीवर घेऊन बसल्या.

वर्षाहून अधिक काळ औषध घेतले असेल तर महिन्याला सुमारे दहा टक्के किंवा त्याहून सावकाश उतरवावे, असे अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये सुचवले आहे. परंतु कोणाचे किती उतरवायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. आपण घरच्या बायकांनी एवढे करावे: घेतलेली गोळी, झोप आणि दुखणे रोज वहीत लिहावे. दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी असते; ती मोडू किंवा कुटू नये. सोबत झोपेची गोळी वा दारू घेऊ नये. गरोदर बाईचे औषध तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच बंद करू नये.

सर्वांत मोठा धोका लक्षात ठेवा. काही दिवस औषध सोडलेल्या माणसाने पूर्वीइतक्याच गोळ्या पुन्हा घेतल्या, तर त्या पेलत नाहीत. गुंगी येऊन श्वास मंदावतो आणि जीव जातो. माणूस हाक मारून उठेना, तर १०८ ला फोन करा. गोळी सुटत नसल्याचा संकोच वाटत असेल, तर १४४४६ या सरकारी फोनवर फुकट सल्ला मिळतो.

वेदना सोसणाऱ्या बाईला आपण धीर द्यावा, बोल लावू नये.