मिठाच्या विहिरींकडे, एकट्याने

परतवाड्याच्या माणसाला फिरायला जायचे म्हटले की त्याची मान आपोआप उत्तरेकडे वळते. समोर सातपुडा, वर चिखलदरा आणि गाविलगड, पलीकडे मेळघाट. पाहुणे आले की त्यांनाही आपण तिकडेच नेतो. दक्षिणेला, म्हणजे पूर्णा नदीच्या बाजूला, कामाशिवाय कोणी जात नाही. तिकडे पाहण्यासारखे आहे तरी काय? काळे रान, वेड्या बाभळी आणि खारे पाणी. आज मी त्याच रानातल्या एका सोडून दिलेल्या खाणीबद्दल बोलणार आहे. ही खाण डोंगर पोखरून केलेली नाही. वऱ्हाडाला समुद्र नाही, पण मीठ होते. ते जमिनीखालून, खोल विहिरी खणून काढीत. अकोला जिल्ह्यातले दहीहांडा आणि आसपासचा पूर्णाकाठ हा त्या मिठाचा मुलूख. ऐन एप्रिलमध्ये मी तिथे एकटा पायी हिंडून आलो.

हे मीठ तिथे आले कसे, ते आधी सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याशी फार पूर्वी जमीन खचली आणि एक लांबट, खोलगट खोरे तयार झाले. डोंगरातून उतरणाऱ्या नद्या लाखो वर्षे त्यात गाळ टाकत राहिल्या. काही ठिकाणी हा गाळ 300 मीटरहून जास्त जाड आहे. नदी डोंगरातून बाहेर पडली की हातातले ओझे आधी खाली ठेवते. त्यामुळे गोटे आणि जाड रेती पायथ्याशी राहिली. परतवाडा, अचलपूर, अंजनगाव ही गावे त्या गोट्यांच्या पट्ट्यात येतात. तिथे पाऊस चांगला मुरतो, विहिरीला गोडे पाणी लागते, म्हणून आपल्याकडे संत्रा आहे आणि अंजनगावकडे केळी, पानमळे, पानपिंपळी आहे. बारीक चिकण माती मात्र वाहत पुढे पूर्णेपर्यंत गेली. त्या मातीत पाणी धड मुरत नाही आणि धड निचरूनही जात नाही. वऱ्हाडचे ऊन ते पिऊन टाकते आणि क्षार मागे राहतात. भूशास्त्रज्ञांमध्ये या खारेपणाच्या मुळाबद्दल वेगवेगळी मते आहेत. कोणी जुन्या बंदिस्त सरोवराकडे बोट दाखवले, तर कोणी कमी निचरा आणि जास्त बाष्पीभवन यांना कारण धरले. शेतकऱ्याने मात्र या मुलखाला सरळ खारपाणपट्टा म्हटले. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली नऊशेच्या आसपास गावे या पट्ट्यात मोडतात.

आदल्या रात्री अकोटला ताईकडे मुक्काम केला. मी कुठे निघालो आहे हे ऐकून भाऊजींनी कपाळाला हात लावला. पण पहाटे ताईने भाकरी, ठेचा आणि दोन कांदे बांधून दिले. पाण्याच्या बाटल्या मी माझ्या मोजून घेतल्या, आणि घेतल्या त्यावर आणखी दोन घेतल्या. पहिल्या गाडीने फाट्यावर उतरलो तेव्हा सूर्य नुकता वर आला होता. धुऱ्याधुऱ्याने चालायला लागलो.

कपाशीची वावरे मोकळी झाली होती, पऱ्हाट्यांचे ढीग कडेला लागले होते. नजर जाईल तिथपर्यंत सपाट काळी जमीन आणि तिच्यात उभ्या-आडव्या भेगा. एका भेगेत सहज हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. वर जमीन तापायला लागली होती, आत बोटांना गारवा लागला. नाल्याच्या काठी आलो तर ओल सुकून गेलेल्या पट्ट्यावर पांढरा पापुद्रा धरलेला. नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला. आधी कडसर लागला, मग खारट. शुद्ध मिठाची चव ती नव्हे, त्यात दुसरे क्षारही आहेत. त्या पापुद्र्यावर जनावरांच्या जिभेचे फराटे स्पष्ट दिसत होते.

पुढे बकऱ्या चारणारा एक म्हातारा भेटला. डोक्याला दुपट्टा, हातात आकडी. मला एकटा पाहून तो थांबला.

“काहाले जाता जी तिकडे? तिथं काई नाई. पडक्या हिरी हायेत.”

“पाणी आहे का त्यांत, बाबाजी?”

“पानी हाय ना. पन बकरी तोंड लावत नाई.”

त्या एका वाक्यात खारपाणपट्ट्याचा सगळा प्रश्न आला. पाणी आहे आणि उपयोगाचे नाही.

विहीर दिसली ती अगदी जवळ गेल्यावर. कठडा नाही, भोवती वेडी बाभूळ आणि तरवट माजलेले, दगड निखळलेले, अर्धी बुजत आलेली. मी पंधरा-वीस हात अलीकडेच थांबलो. काळ्या मातीच्या भेगा विहिरीच्या काठापर्यंत गेलेल्या असतात आणि तो काठ माणसाच्या वजनाने केव्हा बसेल याचा नेम नसतो. अमेरिकेत नेवाडासारख्या वाळवंटी राज्यात सोडून दिलेल्या खाणी हजारोंनी आहेत. हौशी लोक तिथे एकटे चालत जातात, आणि सरकार पाट्या लावून सांगते की बाहेर राहा, म्हणजे जिवंत राहाल. आपल्या पडक्या विहिरीवर अशी पाटी कोणी लावत नाही. म्हणून ती आपल्या डोक्यात असलेली बरी.

आज ती विहीर म्हणजे नुसता खड्डा आहे, पण एके काळी तिच्यावर पोट भरत होते. या गाळात शंभर फुटांच्या वर खोल गेले की रेती-गोट्यांच्या थरातून खारे पाणी वर येई. ते उपसायचे, उथळ वाफ्यांत पसरायचे आणि उन्हावर सोपवायचे. जे ऊन आज आपल्याला घराबाहेर पडू देत नाही, तेच या धंद्याचे भांडवल होते. सरपण लागत नव्हते की भट्टी लागत नव्हती.

मग हा धंदा बसला कशाने? 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि मीठ हा तर इंग्रज सरकारच्या उत्पन्नाचा लाडका मार्ग. करचुकवे मीठ अडवण्यासाठी त्यांनी सिंधू नदीपासून महानदीपर्यंत चौक्यांची रांग उभारली होती. तिच्या मोठ्या भागावर काटेरी झाडांचे जिवंत कुंपण होते आणि राखणीला बारा हजारांवर माणसे होती. हे कुंपण खाली बऱ्हाणपूरपर्यंत, म्हणजे आपल्या उंबऱ्यापर्यंत आले होते. 1 एप्रिल 1879 पासून ती रांग उठली, पण कर उठला नाही. मीठ जिथे तयार होते तिथेच तो वसूल होऊ लागला. अशा व्यवस्थेला मोठी, एका जागची मिठागरे सोयीची. रानात विखुरलेल्या विहिरींवर एकेक शिपाई बसवणे परवडणार नव्हते, त्यापेक्षा त्या बंद करणे सरकारला स्वस्त वाटले असावे. वऱ्हाडातले मीठ काढणे थांबले. पाणी होते तसेच राहिले, पण त्याचे मीठ करणे गुन्हा ठरला.

पुढे याच विहिरींचे दिवस थोडे पालटले. 6 एप्रिल 1930 रोजी गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले आणि देशभर मिठाचा कायदा मोडण्याची लाट आली. किनाऱ्यावरच्या लोकांना ते सोपे होते. वऱ्हाडातल्या माणसाने मीठ आणायचे कुठून? तेव्हा दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरींची आठवण झाली. त्याच एप्रिलमध्ये सत्याग्रही तिथे गेले, विहिरीचे पाणी काढले आणि त्याचे मीठ करून कायदा मोडला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत मिठाचा सत्याग्रह झाला, तो या दुर्लक्षित पाण्याच्या जोरावर. जिथे असे पाणीही नव्हते, तिथे जंगलाचा कायदा मोडायचे ठरले आणि 10 जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापले. जंगल सत्याग्रहाचे नाव आपल्याकडे अजून घेतले जाते. दहीहांड्याचे फारसे कोणी घेत नाही.

आज त्याच पाण्याने माणसे गांजली आहेत. ते पिकाला दिले तर माती चिकट होते, फुगते आणि पुढच्या हंगामाला साथ देत नाही. म्हणून कापूस, तूर, हरभरा सगळे पावसाच्या आणि मुरलेल्या ओलीच्या भरवशावर. ज्याला जमले त्याने शेततळे खणून पावसाचे गोडे पाणी साठवले. प्यायचे पाणी सातपुड्याच्या धरणांतून नळाने येते, शहानूरचे अंजनगाव-दर्यापूरकडे आणि वानचे अकोट-तेल्हाऱ्याकडे. म्हणजे पूर्णाकाठची तहान आपल्या डोंगराच्या पायथ्याशी भागते. आपण वरच्या पट्ट्यातले लोक बोअरमागून बोअर घेत खोल चाललो आहोत. आपल्या गोट्यांच्या जमिनीत मुरणारा पाऊस हीच या भागातली गोड्या पाण्याची मोठी ठेव आहे. खाली पायी फिरून आलेला माणूस संत्र्याच्या बागेला पाणी सोडताना जरा विचार करतो, एवढे मी खात्रीने सांगतो.

कोणाला जायचे असेल तर दोन शब्द. एकट्याने जायला हरकत नाही, उलट एकट्या माणसाशी लोक जास्त बोलतात. पण कुठे जातो आणि किती वाजता परततो, हे घरी आणि फाट्यावरच्या चहावाल्याला सांगून जा. तांबडे फुटताना निघा आणि अकराच्या आत गाव गाठा, कारण त्यानंतरची तपन खेळ नव्हे. सावली धरून बेत आखू नका, बाभळीची सावली नावापुरतीच असते. नकाशात विहीर दिसली तर तिथे पाणी मिळेल असे समजू नका, लागेल तेवढे पाठीवर घ्या. पावसाळ्यात तर जाऊच नका, चपलेला मणभर चिखल लागतो.

शेवटी एक विनंती पूर्णाकाठच्या ग्रामपंचायतींना आणि शाळांना. तुमच्या शिवारात मिठाची विहीर असेल तर तिच्याभोवती आधी तारेचे कुंपण घाला, म्हणजे गुरे आणि पोरे वाचतील. मग तिथे चार ओळींची पाटी लावा. गावात ऐंशी-नव्वदीचे कोणी असेल, ज्यांनी बापाच्या तोंडून मिठाच्या गोष्टी ऐकल्या असतील, त्यांच्याजवळ बसून त्या याच वर्षी लिहून घ्या. आणि गुरुजींनो, चिखलदऱ्याची सहल दरवर्षी होतेच. एकदा दहीहांड्याची काढा. हिवाळ्यात काढा, आणि पिण्याचे पाणी घरून न्या.