इंग्रजी अक्षरांचा शोध : कानाचा खेळ आणि डोळ्यांचा खेळ



मराठी मुलाला शब्दांचे खेळ नवे नाहीत. भेंड्या लावताना शेवटचे अक्षर कोणते आले, हे त्याचा कान क्षणात ओळखतो. कारण देवनागरीत जे ऐकू येते तेच बहुधा लिहिले जाते. हाच कान घेऊन ते मूल इंग्रजी शब्दखेळाला बसते आणि तेथे फसते. ‘के’ अक्षर असलेला शब्द विचारल्याबरोबर ते ‘कॅट’ म्हणते. ‘एफ’चा विचारला तर ‘फोटो’ म्हणते. वास्तविक कॅटमध्ये ‘सी’ आहे आणि फोटोच्या आरंभी ‘पी’ व ‘एच’ आहेत. उलट ‘नाइफ’ या शब्दाच्या दारातच ‘के’ उभा असतो, परंतु त्याची कानाशी कधीच भेट होत नाही. भेंड्या हा कानाचा खेळ, तर इंग्रजी अक्षरे शोधण्याचा खेळ डोळ्यांचा आहे. हा भेद ज्या शिक्षकाच्या ध्यानात आला, त्याला मुलाचे असे उत्तर म्हणजे शिकवण्याची नामी संधी वाटते.

महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी विषय पहिलीच्या वर्गात आला. अक्षरमाला घडाघडा म्हणणारे, परंतु पुस्तकातील साधा शब्द समोर येताच थबकणारे मूल प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे आहे. ज्या घरी इंग्रजी कानावर पडत नाही, तेथील मुलाला या भाषेची भीती एकदा बसली की ती पुढे अनेक वर्षे जात नाही. म्हणून अक्षरशोधाच्या खेळाकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहणे योग्य होणार नाही.

या खेळामागील शास्त्र मनोरंजक आहे. १९३० नंतरच्या मंदीत काम गमावलेल्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजली आणि कोणते अक्षर किती वेळा येते हे पाहून एक खेळ रचला. तोच पुढे १९४८ मध्ये ‘स्क्रॅबल’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या इंग्रजी संचात १०० तुकडे असतात. त्यांपैकी ‘ई’चे १२, तर ‘क्यू’ आणि ‘झेड’ यांचा प्रत्येकी १. विपुल असलेल्या ‘ई’ला १ गुण आणि दुर्मिळ ‘क्यू’ला १० गुण, असा हिशेब त्यात आहे. ‘एस’ वारंवार येणारे अक्षर असूनही त्याचे तुकडे ४च ठेवले आहेत. कारण शब्दाला ‘एस’ जोडून अनेकवचन करणे फार सोपे आहे.

हीच मोजणी वर्गात करता येते. पुस्तकाचे एक पान निवडावे, अक्षरे गटांत वाटून द्यावीत आणि प्रत्येक गटाने पाटीवर रेघा मारून मोजावे. मग कोणत्या अक्षराला किती गुण, हे मुलांनीच ठरवावे. जुन्या पुठ्ठ्याचे चौकोन कापले की संच तयार होतो.

अक्षर शोधताना त्याचे शेजारी ओळखावे लागतात. ‘क्यू’च्या पाठोपाठ बहुधा ‘यू’ येतो : क्वीन, क्विक, स्क्वेअर. ‘एक्स’ अनेकदा शेवटी बसतो : बॉक्स, फॉक्स, सिक्स. ‘सी’ व ‘के’ ही जोडी डक, क्लॉक अशा शब्दांच्या शेवटी दिसते, आरंभी नव्हे. ‘व्ही’ साध्या शब्दांच्या अखेरीस एकटा राहत नाही. त्याच्यामागे ‘ई’ असतो : हॅव, गिव्ह, फाइव्ह. हे नियम फळ्यावर लिहून पाठ करून घेऊ नयेत. मुलांनी शोधलेले शब्द एकाखाली एक मांडावेत आणि त्यांत काय सारखे आहे, एवढेच विचारावे. मुलाने स्वतः हेरलेली जोडी ते सहसा विसरत नाही.

खेळाचे तीन दंडक पाळावेत. पहिला, शब्द पुस्तकातून शोधावा. तयार याद्या मुलांच्या हाती देऊ नयेत. दुसरा, अर्थ सांगितल्याशिवाय किंवा चित्र काढून दाखवल्याशिवाय गुण देऊ नयेत. अर्थावाचून जमवलेले शब्द हे नुसते ओझे होय. तिसरा, प्रत्येक गटाची पाटी मागे पडलेल्या मुलाच्या हाती असावी. चलाख मुलाने शब्द सुचवावा, परंतु लिहावा त्याने. असे न केल्यास दोन-चार मुलेच खेळतात आणि उरलेली त्यांचा विजय पाहत बसतात.

शब्दाविषयी वाद झाला तर शिक्षकाने सर्वांसमक्ष शब्दकोश उघडावा. गुरुजीही शोधूनच खात्री करून घेतात, हे मुलांना दिसले म्हणजे न येण्याची लाज सरते आणि शोधण्याची गोडी लागते. कोणता गट जिंकला हे दुसऱ्या दिवशी कोणाच्या ध्यानातही राहणार नाही. परंतु काल ‘कॅट’ म्हणून थांबलेले मूल आज पुस्तकात बोट ठेवून ‘के’ दाखवू लागले, तर त्या तासाचे सार्थक झाले असे समजावे.