स्वयंपाकघर फुटावर घेऊ नका

मिस्त्री, बिगारी, ठेकेदार मंडळींनो,

संयोजकांनी मला ‘बांधकाम क्षेत्राचे भवितव्य’ हा विषय सुचवला होता. तो मला झेपणारा नाही. डोक्यावर शहाबादी वाहत मी या धंद्यात आलो, मग कोटा बसवला, मोझॅक घासले, आता मोरबीच्या टाइल्स बसवतो. तेव्हा फरशीवरच बोलतो, तेही एका स्वयंपाकघराच्या.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “फुटाला काय घेता?” आपणही आकडा सांगून मोकळे होतो. तिथेच दोघेही फसतात.

९ बाय ७चे स्वयंपाकघर घ्या. ६३ चौरस फूट. टाइल दोन बाय दोनची. सांध्यांची जाडी सोडून हिशोब केला, तर अख्ख्या टाइल्स बसतात १२ आणि कापलेले तुकडे ८. शेजारच्या १६ बाय १२च्या हॉलमध्ये ४८ टाइल्स लागतात आणि मधल्या मैदानात कटर हातात घ्यावा लागत नाही. शिवाय स्वयंपाकघरात ओट्याच्या पायाभोवती काप घ्यायचा, नहाणी ट्रॅपकडे उतार द्यायचा, उंबऱ्याशी हॉलची लेव्हल जुळवायची. आणि दर दोन्हीकडे एकच! शिंपीसुद्धा झबल्याला आणि चादरीला मीटरवर सारखी शिलाई लावत नाही.

आता पैसे. समजा, दर ४० रुपये. झाले २,५२०. मिस्त्रीची हजेरी १,२०० आणि बिगाऱ्याची ८०० धरली, तर दोन दिवसांचे होतात ४,०००. जुनी फरशी फोडणे, राडारोडा गोण्यांत भरून तिसऱ्या मजल्यावरून उतरवणे, टेम्पो, यांतले काहीच अजून धरलेले नाही. मग १,४८०ची तूट भरून कशी निघते? दोन दिवसांचे काम एका दिवसात उरकून. माल पूर्ण पसरायचा नाही, टाइलखाली चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवायचे, रबरी हातोड्याने ठोकायचे आणि संध्याकाळी सांधे भरून पैसे मागायचे.

मी हे केले आहे. दीड महिन्याने त्या घरच्या काकूंनी बोलावले. काही न बोलता त्या खाली बसल्या आणि लाटण्याच्या टोकाने एकेक फरशी वाजवत गेल्या. सिंकजवळच्या दोन टाइल्स मडक्यासारख्या वाजल्या. तिसरीवर भरलेला सिलिंडर टेकवला होता, ती कोपऱ्यातून तडकली होती. “मिस्त्री,” त्या म्हणाल्या, “पैसे कमी पडत होते तर तेव्हाच सांगायचं.” मला आजही त्या वाक्याला उत्तर नाही. सगळी फरशी पदरमोड करून पुन्हा बसवली. त्या वेळी दोन दिवस लागले.

गिऱ्हाईक चिकट असते ही आपली आवडती तक्रार. मला ती अर्धीच पटते. तेच गिऱ्हाईक दुकानात टाइलचे पैसे जीएसटीसकट मोजते, कारण तिथे छापील बिल मिळते. आपल्याकडे काय मिळते? सिगारेटच्या पाकिटामागे लिहिलेला आकडा. तोही आपणच फाडून टाकतो.

म्हणून माझे मत असे : छोटे काम फुटावर नको, उक्ते घ्या, पण लेखी. फोडण्याचे किती, राडारोड्याचे किती, बसवण्याचे किती, सांधे व स्कर्टिंग धरले की नाही. फोडल्यावर खालचा कोबा खराब निघाला तर जास्तीचे किती, हेही आधीच. आणि सर्वांत वर लिहा, स्वयंपाकघर किती दिवस बंद राहील. घरच्या माणसांना आपल्या दरापेक्षा त्याचीच जास्त काळजी असते. गॅस हॉलमध्ये मांडून पोळ्या त्यांना करायच्या असतात. फरशीवर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही, तो दिवसही त्यात धरा.

याने काही कामे हातची जातील. माझी गेली. फुटावर स्वस्त सांगणारा नाक्यावर नेहमीच उभा असतो. तो गरजू आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण तुम्ही सगळेच त्याच्या दराला उतरलात, तर त्याचाही दर आणखी खाली जाईल.

अंदाजपत्रकाचे कोरे कागद मागच्या टेबलावर ठेवले आहेत. जेवणानंतरच्या सत्राला येताना प्रत्येकाने आपल्या शेवटच्या स्वयंपाकघराचा खरा हिशोब, हजेऱ्यांसकट, त्यावर लिहून आणावा.