राजिमचा मतदार : कल आणि मतदान

नागपूर ही जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती तोपर्यंत रायपूरचा शेतकरी आणि वर्ध्याचा शेतकरी एकाच विधानसभेवर आपले प्रतिनिधी पाठवीत असत. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि रायपूरकडचा मतदार मराठी वाचकाच्या दृष्टीआड गेला. त्याच्याविषयी शहरी मंडळींत एक समज मात्र टिकून राहिला. लहान गावातला मतदार घराण्याला किंवा जातीला बांधलेला असतो, आणि तेथे मतदान भरघोस होते ते या बांधिलकीमुळेच, असा तो समज होय. तो कितपत खरा आहे हे पाहावयाचे असेल तर राजिमकडे वळावे.

रायपूरपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर हे गाव वसले आहे. 2012 साली गरियाबंद जिल्हा होईपर्यंत ते रायपूर जिल्ह्यातच होते. राजीवलोचनाचे मंदिर, माघातली जत्रा आणि भोवताली धानाची शेती, एवढ्यात गावाचे वर्णन संपते. परंतु राजकीय जागृती येथे जुनी आहे. अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी झटणारे पंडित सुंदरलाल शर्मा याच परिसरातले. शेजारच्या धमतरी भागात 1920 साली कंडेल येथे कालव्याच्या पाणीपट्टीविरुद्ध सत्याग्रह झाला, त्यातही ते अग्रभागी होते. पाणी आणि धान हे येथले राजकारणाचे विषय पक्षांच्या चिन्हांहून जुने आहेत.

आता घराण्याचा प्रश्न. मध्यप्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांचे पुत्र श्यामाचरण शुक्ल हे राजिमचे आमदार. ते स्वतः तीनदा मुख्यमंत्री झाले. एवढे मोठे घर पाठीशी असता मतदाराने दुसरीकडे पाहिलेच नसेल, असे कोणालाही वाटावे. पण 1977 साली राजिमने श्यामाचरणांना बाजूला सारून पवन दीवान या साधू-कवीला विधानसभेवर पाठविले. त्याच वर्षी रायपूर लोकसभा मतदारसंघात पुरुषोत्तम कौशिक यांनी विद्याचरण शुक्ल यांचा पराभव केला. पुढे दीवानजी काँग्रेसमध्ये गेले, महासमुंदमधून लोकसभेवर निवडून आले आणि कालांतराने भाजपमध्येही वावरले. राजिमनेही नव्वदीच्या दशकात श्यामाचरणांना पुन्हा निवडून दिले. रुसवा होता, वैर नव्हते.

छत्तीसगढ राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी अस्तित्वात आले. त्यानंतरचा हिशेब तर अधिकच बोलका आहे. राजिममध्ये 2003 साली भाजप, 2008 साली काँग्रेसचे अमितेश शुक्ल, 2013 साली पुन्हा भाजप, 2018 साली पुन्हा अमितेश, तेही अठ्ठावन्न हजारांच्या मताधिक्याने, आणि 2023 साली भाजपचे रोहित साहू. ज्या श्यामाचरणपुत्राला 2018 च्या नोव्हेंबरात एवढे मताधिक्य मिळाले, त्याच्या पक्षाला पुढच्याच उन्हाळ्यात महासमुंदची लोकसभेची जागा गमवावी लागली. राजिम याच लोकसभा मतदारसंघात मोडते. याला कल म्हणावयाचे असेल तर तो तराजूच्या काट्याचा कल म्हणावा.

जातीचे गणितही असेच फसवे. साहू समाज येथे संख्येने मोठा आहे. 2014 साली महासमुंदमध्ये भाजपच्या चंदूलाल साहू यांच्याविरुद्ध त्यांच्याच किंवा त्यांच्याशी मिळत्याजुळत्या नावाचे दहा अपक्ष उभे राहिले. ग्रामीण मतदार नाव वाचतो, माणूस पाहत नाही, हाच त्यामागचा हिशेब असावा. त्या नामसाधर्म्याने हजारो मते खाल्ली खरी. तरीही चंदूलाल सुमारे बाराशे मतांनी अजित जोगींना हरवून निवडून आले. मतदानयंत्रावरील मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र छापण्याची पद्धत 2015 नंतरची.

मग भरघोस मतदानाचे कारण काय? 2018 आणि 2023 साली राज्यात शेकडा सुमारे शहात्तर मतदारांनी मतदान केले. रायपूर शहराच्या मतदारसंघांत हे प्रमाण साठीच्या आसपास रेंगाळले, तर राजिमजवळच्या कुरूदमध्ये 2023 साली ते नव्वदीला भिडले. कुरूदचा दाखला आणखी एका कारणासाठी घेण्यासारखा आहे. 2018 साली राज्यभर भाजप पंधरा जागांवर आला असताना कुरूदने त्याच पक्षाचे अजय चंद्राकर यांना निवडून दिले आणि काँग्रेसला तिसऱ्या क्रमांकावर ढकलले. मतदान अधिक म्हणजे लाटेबरोबर वाहणे, असे यावरून म्हणता येत नाही.

लहान गावात मतदानकेंद्र चालत जाण्याच्या अंतरावर असते आणि बोटाला शाई नसलेला माणूस संध्याकाळपर्यंत सर्वांच्या लक्षात येतो. दुसरे कारण अधिक वजनदार आहे. निवडणूक नोव्हेंबरात येते, म्हणजे धान कापणीला आलेले किंवा खळ्यात पडलेले असते, आणि सरकारी खरेदीचा भाव किती हे येणारे सरकार ठरविणार असते. 2018 साली काँग्रेसने क्विंटलला 2500 रुपयांचे आणि कर्जमाफीचे वचन दिले. 2023 साली काँग्रेस 3200 रुपयांवर गेली. भाजपने 3100 रुपये भाव आणि एकरी एकवीस क्विंटल खरेदी सांगितली, शिवाय विवाहित स्त्रियांना वर्षाला 12,000 रुपये. शहरातल्या मतदाराला आपल्या मताची किंमत अशी क्विंटलमागे मोजता येत नाही. कुरूदच्या शेतकऱ्याला ती घरातल्या पोत्यांवरून मोजता येते, आणि मग तो घरातल्या बायकामाणसांसह रांगेत येऊन उभा राहतो.