ऐका, पण चौघांत बसून ऐका



१९५६ साली, आपला यवतमाळ जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता तेव्हा, तिकडे पुण्याच्या आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचे एक श्रोतृमंडळ बसवले. आठवड्यातून दोन वेळा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. अट एकच होती: कार्यक्रम संपला की उठून जायचे नाही. ऐकलेल्यावर बोलायचे, पटले नाही तर वाद घालायचा आणि उरलेल्या शंका आकाशवाणीला कळवायच्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या सगळ्याचे मोजमाप केले. रेडिओ आहे पण मंडळ नाही, अशी गावेही मुद्दाम तपासली. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती झपाट्याने वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानाने फारच थोडी वाढली होती.

कामाच्या ठिकाणी मोबाइलवरून प्रशिक्षण द्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल आधी ध्यानात घ्यावा, असे मला कळकळीने वाटते. आज पॉडकास्ट करणे अवघड राहिलेले नाही. जाणत्या माणसाचे बोलणे फोनवर रेकॉर्ड करायचे, व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायचे. ज्याला जेव्हा सवड असेल तेव्हा तो ऐकेल, थांबवेल, पुन्हा ऐकेल. रेडिओवर निसटलेले वाक्य परत मिळत नाही, इथे मिळते. ही मोठी सोय आहे. पण फाइल पाठवली, दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे प्रशिक्षण झाले असे मालक आणि अधिकारी समजू लागले आहेत. ते तसे झालेले नसते.

नीट केलेले काम बघायचे असेल तर गावोगावच्या आशा स्वयंसेविकांची, आपल्या आशाताईंची, ‘मोबाइल अकॅडमी’ बघा. २०१२ मध्ये बिहारमध्ये हा अभ्यासक्रम सुरू झाला, २०१६ पासून केंद्र सरकारने तो इतर राज्यांत नेला आणि जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रासाठीही त्याची सुरुवात झाली. यात स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही. साध्या बटणाच्या फोनवरून नंबर लावायचा आणि ऐकायचे. गरोदर बाईशी कसे बोलावे, नवजात बाळाच्या घरी गेल्यावर काय पाहावे, कोणते लक्षण दिसले की क्षणभरही थांबू नये, हे छोट्या छोट्या पाठांतून सांगितलेले आहे. अकरा प्रकरणे, मिळून सुमारे चार तास. प्रकरण संपले की प्रश्न येतात, त्यांची उत्तरे फोनचे बटण दाबून द्यायची. यातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की अभ्यासक्रम करणाऱ्यांनी आधी आशाताईच्या हातातला फोन पाहिला आणि मग धडा लिहिला.

आपल्याकडे उलटे होते. आधी दीड तासाची ऑनलाइन बैठक ठरते, मग झरी-जामणीच्या पोडावरची, म्हणजे पाड्यावरची, सेविका रेंज शोधत टेकाडावर जाऊन उभी राहते. पाच मिनिटांचा आवाजी पाठ दोन-अडीच एमबीत मावतो, तेवढ्याच वेळाचा व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट जागा खातो. जिथे हाताची कृती दाखवायची आहे तिथे व्हिडिओ हवाच. बाकी बरेचसे काम आवाजाने भागते.

आता आपल्या जिल्ह्याच्या सर्वांत नाजूक कामाकडे येते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, औषधे एकात एक मिसळली जात होती, पंपाचा फवारा अंगावर येत होता. फवारणीवाला मजूर हा कामगारच आहे. शेत हे त्याचे कामाचे ठिकाण आहे. पण त्याला शिकवायची जबाबदारी नेमकी कुणाची, हे कुणी ठरवलेले नसते. तो आज एकाच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. त्याला सभागृहात बोलावून दिवसभर बसवता येत नाही, कारण त्याचा रोज बुडतो. पाच मिनिटांचा पाठ त्याच्यापर्यंत पोचू शकतो.

तो पाठ कसा असावा? ‘कीटकनाशकांचा सुरक्षित वापर’ असे नाव देऊन सगळेच सांगायला जाऊ नका. एका पाठात एकच गोष्ट. समजा, आजचा पाठ नोझलचा. गावातल्याच अनुभवी फवारणीवाल्याच्या तोंडून तो असा येऊ द्या: “भाऊ, नोझल बुजलं तं तोंडानं फुकू नका. एक जुना ब्रश अन् पान्याची बाटली धुऱ्यावर ठेवा. पंप खाली उतरवा, नोझल खोला, धुवा, मंग लावा. दोन मिनटं जातात, जाऊ द्या.” एवढेच. दुसरा पाठ वाऱ्याचा: वारा कुठून येतो ते आधी बघायचे, वाऱ्याच्या विरुद्ध फवारायचे नाही. तिसरा डब्यावरच्या त्रिकोणाचा: लाल म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. अक्षर न येणाऱ्यालाही रंग कळतो. आणखी एक पाठ मजुराच्या घरच्या बाईसाठी हवा: फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे, आणि माणसाला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असे काही झाले तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा, जाताना औषधाचा डबा सोबत घ्यायचा. कोणते विष आहे हे डॉक्टरला त्या डब्यावरूनच लगेच कळते.

पाठ ऐकवून झाला की शेतमालकाने किंवा मुकादमाने तिथेच, धुऱ्यावर, एकाला पंप घेऊन करून दाखवायला सांगावे. बाकीचे चुका काढतील, बोलतील. १९५६ च्या मंडळांत जे घडले ते इथे पाच-सात माणसांत घडू शकते. कृषी सहायक आणि कृषी सेवा केंद्रवाले यांनी यात पुढाकार घ्यावा. माहितीची खातरजमा मात्र कृषी विज्ञान केंद्राकडून करून घ्यावी. चुकीचा डोस सांगणारा पाठ पाठच नसल्यापेक्षा वाईट.

भाषेचीही तशीच काळजी घ्यावी. आपल्या जिल्ह्यात कोलामी, गोंडी, बंजारा बोलणारी घरे आहेत. ज्या भाषेत माणूस घरी बोलतो त्या भाषेत सूचना ऐकली तर तो प्रश्न विचारतो, नाही तर मान हलवून मोकळा होतो. छापील पुस्तिका चार भाषांत काढायला खर्च येतो. आवाज चार भाषांत रेकॉर्ड करायला चार बोलणारी माणसे पुरतात.

जिनिंगवाल्यांना एक स्पष्ट सांगते. यंत्र चालू असताना कामगाराच्या कानात इअरफोन नको, कितीही चांगला पाठ असला तरी नको. ओरडलेले ऐकू आले पाहिजे. रुईत ठिणगी पडली तर सावरायला वेळ मिळत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. पाळी सुरू होण्याआधी दहा मिनिटे सगळ्यांना एकत्र बसवून पाठ लावा, आणि मग आग विझवायचे यंत्र कुठे आहे, ते कसे उघडते, हे नव्या कामगाराच्या हाताने करून घ्या. हंगामाला बाहेरून माणसे येत असतील तर तोच पाठ हिंदीतही ठेवा.

प्रमाणपत्राबद्दलही बोलले पाहिजे. ऑनलाइन अभ्यासक्रमात व्हिडिओ सुरू करून फोन बाजूला ठेवला तरी शेवटी प्रमाणपत्र हाती पडू शकते. दोष शिकणाऱ्याला देऊ नका. दिवसभराच्या कामावर रात्री साडेनऊला शिकायला सांगितले, तर थकलेला माणूस दुसरे काय करणार? प्रशिक्षण हा कामाचाच भाग आहे. त्याचा वेळ कामाच्या तासांत धरला पाहिजे आणि इंटरनेटचा खर्च कामावर ठेवणाऱ्याने उचलला पाहिजे. शिकलेले तपासायचे असेल तर आठवड्याने त्या माणसाच्या कामाजवळ जाऊन उभे राहा आणि बघा.

मृग लागला आहे, पेरण्यांची धांदल आहे. कपाशीच्या फवारण्यांना अजून महिना-दीड महिना आहे. शेतमालकांनो, मुकादमांनो, गटप्रवर्तक ताईंनो, बचत गटातल्या बायांनो, तुमच्यातला एक जाणता माणूस या आठवड्यात निवडा, त्याच्याकडून एक पाठ बोलून घ्या आणि माणसे कामाला लागण्याआधी त्यांना एकत्र बसवून तो ऐकवा. त्या वेळेची मजुरी कापू नका.