खर्जाचा सूर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"तू नक्की वाजवतोस काय?" असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. मी बेस गिटार वाजवतो. चार जाड तारा, आणि ऑर्केस्ट्रात जागा मागे, ड्रमरच्या शेजारी. तबल्यात डग्ग्याचं जे काम, ते गाण्यात बेसचं. असतो तेव्हा लक्षात येत नाही, थांबला की गाणं पोकळ वाटतं. आर. डी. बर्मन यांच्या वादकांत टोनी वाझ हे काम करत. गाणी आपल्याला पाठ आहेत, वादकाचं नाव क्वचितच.

पूर्वी यासाठी माणसाच्या उंचीचा डबल बेस लागे. 1951 मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवता येणारा इलेक्ट्रिक बेस आणला. माझा बेस मात्र उल्हासनगरच्या एका फर्निचर कारागीर काकांनी हाताने घडवलाय. अंग जुन्या दाराच्या सागवानी चौकटीचं. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड, त्यामुळे बदलापूरच्या पावसातही वाकत नाही. चार तारांचा ताण सुमारे पाऊणशे किलो असतो, म्हणून मान तीन पट्ट्या चिकटवून केली आणि आत पोलादी सळई घातली.

तारेची लांबी 34 इंच, बारावा पडदा बरोबर अर्ध्यावर, 17 इंचांवर. मधले पडदे एकाच गुणोत्तराने जवळ येत जातात. सर, घातांक कशाला शिकायचे, हे मला तेव्हा कळलं!

त्याला दोन पिकअप आहेत. मानेजवळचा मऊ बोलतो, तो अभंगाला. पुलाजवळचा खणखणीत, तो हळदीतल्या कोळीगीतांना. तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवला की जुन्या डबल बेससारखा गोल, आखूड आवाज येतो. एकच वाद्य सकाळी देवळात आणि रात्री मांडवात चालतं.

आता बजेट कमी पडलं की आधी बेसवाला कमी होतो, त्याची जागा लॅपटॉपवरचा ट्रॅक घेतो. पण गायकाने एखादी जागा लांबवली, तर ट्रॅक थांबत नाही. शिवाय मुलं गाणी मोबाइलवर ऐकतात. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. तो सूर मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून नीट येतच नाही. गाण्याचा पाया त्यांनी ऐकलेलाच नाही.

म्हणून एक विनंती. त्या चौकटीचं थोडं लाकूड अजून माझ्याकडे आहे. काका थकलेत, पण शिकवायला तयार आहेत. शाळेने चार मुलं आणि शनिवारची दुपार द्यावी. दुसरा बेस त्या मुलांच्या हातून घडू दे, आणि तो शाळेच्या संगीताच्या खोलीत राहू दे. वाजवायला मी शिकवीन.